वाड्यातली पाती : जतनकामाच्या नोंदी

२० जुलै २०२५

साताऱ्याजवळच्या एका गावातल्या वाड्यात देवघरामागच्या खोलीत जुनी शस्त्रं आहेत. ती तपासायची, नोंदवायची आणि चढत चाललेला गंज थांबवायचा, एवढं काम घेतलं आहे. मुदत खंडेनवमीपर्यंत, म्हणजे १ ऑक्टोबर. त्या दिवशी ती पाटावर मांडली जातात. घरच्यांना ती पाटावर हवी आहेत आणि मलाही.

आज हात न लावता नुसती पाहिली. सरळ पात्याची एक धोप, एक बाकदार तलवार, दांडपट्टा, दोन कट्यारी, एक बिचवा. यादी संपली म्हणताना घरच्या काकूंनी पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता आणून ठेवला. "ह्यालाही पातं आहेच की हो ताई." घेतला यादीत.

काकांना दोन गोष्टी आधीच सांगितल्या. एक, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाचा कुणाचा फोन आला तर विषय तिथेच मिटवावा. दुसरी, मी काहीही चकचकीत करणार नाही. "मग करणार काय?" असं त्यांनी सरळ विचारलं. वाढता गंज थांबवायचा, आणि घडवणाऱ्याच्या, पाजवणाऱ्याच्या, वापरणाऱ्याच्या हाताच्या खुणा आहेत तिथे राहू द्यायच्या. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. हरकत नाही.

२१ जुलै

खोलीतली आर्द्रता ८४ टक्के. शेणाने सारवलेली भिंत, वर कौलं, खिडकी उत्तरेला. लोखंडाला ६० टक्क्यांच्या वरची हवा सोसत नाही, त्यामुळे इथे काम करण्यात अर्थ नाही. माजघरातल्या कोरड्या कोपऱ्यात टेबल मांडलं. प्रत्येक वस्तूचं वजन, लांबी, पात्याची जाडी तीन ठिकाणी, आणि तोल कुठे साधतो ते मोजायला सुरुवात. म्यानं पात्यांपासून वेगळी केली. कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि लाकडातली ओल, दोन्ही पोलादाला खातात. घरोघरी पाती म्यानात सुरक्षित आहेत म्हणून ठेवली जातात आणि तिथेच सडतात.

२७ जुलै

सगळा गंज सारखा नसतो. नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा गंज चालू आहे, तो काढायचा. काळसर तपकिरी, घट्ट, गुळगुळीत थर बसून शांत झालेला आहे. तो खालच्या धातूला सांभाळतो, त्याला हात लावायचा नाही. धोपेवर दोन्ही आहेत, एकाशेजारी एक.

साधनं साधीच: पातळ तेल, बांबूची तासलेली कामटी, सुती कापड, भिंग. जिथे गंज फारच चिवट तिथे तेलात भिजवलेली काशाची लोकर, आणि तीही भिंगाखाली. सँडपेपर, लिंबू, चिंच, विटकरीची भुकटी यांतलं काही टेबलाजवळसुद्धा आणू दिलं नाही. चिंचेने तांबं-पितळ लखलखतं म्हणून पोलादालाही चालेल असं अनेकांना वाटतं. पोलादावर ती नको तितकी काम करते आणि तिचं आम्ल खाचांमध्ये मागे राहतं.

३ ऑगस्ट

आजचा दिवस कुंकू-शेंदराचा. मुठींच्या बेचक्यांत आणि पात्यांच्या बुडाशी कित्येक पिढ्यांच्या पूजेचा थर आहे: तेल, हळद, कुंकू, शेंदूर, अक्षतांचे कण, झेंडूची एक वाळकी पाकळी. थराखाली काही ठिकाणी गंजाचे खड्डे, काही ठिकाणी मात्र तेलामुळे पोलाद स्वच्छ राहिलेलं.

सगळं धुऊन काढणं सोपं होतं. पण हा थरही त्या वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद झालं. तेव्हापासून अशा घरांत जे टिकलं ते बहुतेक पूजेतलं म्हणूनच. देवघराने त्यांना वाचवलं हे विसरून कुंकू म्हणजे मळ मानणं मला मान्य नाही. ठरवलं ते असं: पात्यावरचा ओल धरणारा थर काढायचा, मुठीवरचा कोरडा आणि घट्ट थर ठेवायचा, काढलेल्यातला थोडा भाग कागदात बांधून त्या त्या वस्तूच्या क्रमांकाने जपायचा. शेंदरात शिसं असतं, म्हणून हातमोजे, मास्क आणि वेगळी कचऱ्याची पिशवी.

पुढच्या पूजेचं काकूंशी बोलले. गंधाचं बोट पात्याला न लावता पाटाला आणि म्यानाला लावलं तर चालेल का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सासूबाई पात्यालाच लावायच्या. पण त्या लगेच दुसऱ्या दिवशी पुसूनही ठेवायच्या, ते आम्ही सोडलं." म्हणजे मूळ रीतीत देखभाल होतीच.

९ ऑगस्ट

धोप. पातं सरळ, लांबी ९१ सेंटीमीटर, दुधारी नाही, टोकाकडचा वीतभर भाग मात्र दोन्हीकडून धारेचा. मूठ दख्खनी: हात झाकणारी रुंद परज, आत गादीचा कुजलेला तुकडा, वर कटोरी आणि कटोरीतून निघालेला सळईसारखा दांडा. तो दांडा दुसऱ्या हाताची पकड मिळावी म्हणून.

पात्यावर बुडाशी दोन अर्धचंद्राकृती ठसे, एकमेकांकडे तोंड केलेले, कडेने बारीक दाते. हा ठसा इटलीतल्या जिनोव्हाचा म्हणून प्रसिद्ध आहे. काकांचे पुतणे मोबाइलवर तसं वाचून उत्साहात आले होते. त्यांना समजावलं की नावाजलेला ठसा सगळेच उचलतात. जर्मनीतल्या पासाउ शहराच्या कारागिरांचा धावत्या लांडग्याचा ठसा तिथल्याच झोलिंगेन शहरवाल्यांनी मारला, आणि हे अर्धचंद्र युरोपात इतरत्र तर मारले गेलेच, हिंदुस्थानातल्या लोहारांनीही मारले. फिरंगी पात्याला इथे मान होता. पोर्तुगिजांपासून पुढे सगळ्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून नुसती पाती येत आणि मुठी इथे चढत. म्हणून नोंदीत लिहिलं: "ठसा जिनोव्ही धाटणीचा, पातं युरोपीय किंवा त्याची स्थानिक नक्कल." याहून पुढे जाण्यासाठी ठसा पुरेसा पुरावा नाही.

पात्यावरच्या पन्हळीबद्दलही, म्हणजे लांबीने काढलेल्या खोलगट खाचेबद्दल, नेहमीचा प्रश्न आला, ती रक्त वाहून जायला असते का. नाही. पन्हळ काढली की पात्याचं वजन घटतं आणि ताठपणा जवळपास तसाच राहतो. ते काम किती कौशल्याचं आहे हे पन्हळीच्या दोन्ही कडांवर नख फिरवलं की कळतं. ९१ सेंटीमीटरच्या पात्यात मला एकदाही कड हललेली सापडली नाही.

१६ ऑगस्ट

बाकदार तलवार. आजचा दिवस मी बराच काळ विसरणार नाही.

तेलाचा वाळलेला थर निघाल्यावर पात्याच्या मधोमध तिरप्या उजेडात काहीतरी हललं. गंजाखाली नक्षी असल्याचा संशय आधीपासून होता. काकांची परवानगी घेऊन जिथली मूळ जिल्हई, म्हणजे घासून आणलेली झिलई, आधीच गेलेली होती अशी दोन सेंटीमीटरची जागा निवडली. स्पिरिटने पुसली, अगदी सौम्य फेरिक क्लोराइड कापसाच्या बोळ्याने लावलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं, पुन्हा स्पिरिट, लगेच तेल. पूर्वी हेच काम हिराकसाच्या जातीच्या द्रव्यांनी करत.

भिंगाखाली काळसर पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा आल्या, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा, कुठे समांतर, कुठे भोवरा घेऊन परत फिरलेल्या. कोरलेल्या नाहीत, चढवलेल्या नाहीत. पोलादाच्या आतून आलेल्या.

हे मुशीतलं पोलाद. लोखंडाचे तुकडे, तरवडाचं लाकूड, रुईसारख्या झाडांची हिरवी पानं मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपायचं आणि भट्टीत तासन् तास तापवायचं. लाकूडपाल्यातला कार्बन लोखंडात शिरतो, त्यामुळे ते कमी तापमानाला वितळतं. मग भट्टीतच सावकाश निवू द्यायचं. हाताशी येते एक छोटी वडी, कार्बन साधारण दीड टक्का. आजच्या तेलंगणात निझामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला अशा वड्या होत आणि त्या घ्यायला इराणी व्यापारी तिथवर येत. तमिळ प्रदेशात आणि म्हैसूरकडेही भट्ट्या होत्या.

मुंबईचा संबंधही आहे. १७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध सादर केला. त्यानंतर मायकेल फॅरेडे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं करणारे जेम्स स्टोडार्ट यांनी याच पोलादाच्या मागे काही वर्षं घालवली. फॅरेडेसारख्या माणसालाही ही वडी नीट उलगडली नाही. युरोपातल्या लोहारांकडे तर ती ऐरणीवर फुटायची, कारण ते आपल्या सवयीने ती पांढरी होईपर्यंत तापवत. हिला लालसर उष्णतेतच, धीराने, पुन:पुन्हा तापवून ठोकावं लागतं.

त्या पुन:पुन्हा तापवण्यातच नक्षी आहे. १९९८ मध्ये धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि लोहारकाम करणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी जुन्या पात्यांचा अभ्यास आणि स्वतः घडवलेली पाती यांतून दाखवलं की खनिजातून आलेला व्हॅनेडियमसारखा धातू, लाखात चार-पाच भाग इतका किरकोळ असला तरी, कडक कार्बाइडचे कण ओळीने बसायला कारण होतो. ओळींमधलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावं लागतं, ३ ते ७ भाग. म्हणजे विशिष्ट खाणीची माती हवी, मुशीवाल्याचा सावकाशपणा हवा आणि लोहाराचा नेमका हात हवा. तिघांची गाठ कदाचित कधी पडलीही नसेल. रसायनशास्त्राची भाषा त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हती, पण तापलेल्या पोलादाचा रंग त्यांना वाचता येत होता. एकोणिसाव्या शतकात भट्ट्या विझत गेल्या आणि ही विद्या हातांतून गेली. ती परत जुळवायला प्रयोगशाळा लागल्या.

काका भिंगातून बराच वेळ पाहत होते. पूर्ण पातं असं उघडून दाखवता येईल का, त्यांनी विचारलं. येईल, पण त्यासाठी सबंध पातं घासावं लागेल आणि शिकलगाराने, म्हणजे शस्त्रं घासून-पाजवून देणाऱ्या कारागिराने, केलेली शेवटची जिल्हई जिथे जिथे शिल्लक आहे ती जाईल. दोन सेंटीमीटरची खिडकी पुरे. ते लगेच "पुरे" म्हणाले. पहिल्या दिवशीची नाराजी गेलेली दिसली.

१७ ऑगस्ट

त्याच तलवारीच्या धारेला टोकाकडे खांडे आहेत. रणांगणाशी त्यांचा संबंध लावायचा मोह होतो. भिंगाखाली पाहिलं तर धातू एकाच बाजूला वळलेला, उथळ, आणि खांड्यांच्या आतला रंग बाकी धारेपेक्षा उजळ. काकू म्हणाल्या, दसऱ्याला हिनेच कोहळा कापायचे, खाली दगडी पाटा असायचा. नोंद: "खांडे अलीकडचे, घरगुती विधीतले."

२५ ऑगस्ट

परवा गणपती. काम अनंत चतुर्दशीपर्यंत बंद. सगळी पाती तेलाचा हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत.

७ सप्टेंबर

दोन कट्यारी शेजारी शेजारी ठेवल्या. बाहेरून बहिणी वाटतात, निघाल्या अगदी वेगळ्या घराण्यांच्या.

कट्यारीची पकड आडव्या दांड्यांवर मुठीत येते, दोन्ही बाजूंचे गज मनगटाला लागून मागे जातात, आणि सगळा जोर सरळ टोकावर उतरतो. पहिली कट्यार या कामासाठीच जन्मलेली आहे. पात्याची जाडी मध्यावर ३ मिलिमीटर, टोकाजवळ जवळपास ७. टोक असं जाड ठेवायचं कारण चिलखताच्या कड्या. बारीक टोक त्यात वाकलं असतं, हे कड्या फोडून आत जातं. पात्याच्या मधली शीर घडणीतच उचललेली आहे.

दुसरीचं पातं पातळ, सगळीकडे सारखं, जवळजवळ लवचीक. कट्यारीला हे शोभत नाही. त्यावर तीन अरुंद पन्हळी आहेत आणि त्या टोकाला पोचण्याआधी निमुळत्या होऊन मिटत नाहीत. सरळ जातात आणि टोकाच्या उताराने कापल्या जातात. पन्हळ काढणारा कारागीर ती अशी कधीच सोडणार नाही. म्हणजे हे पातं मुळात पुष्कळ लांब होतं. हा मोडलेल्या तलवारीचा तुकडा आहे.

मग भिंग घेऊन इंचाइंचाने गेले. मधल्या पन्हळीत ठशाचे अवशेष: एक उभी रेघ, शेजारी अर्धा गोल, मग गंज. युरोपीय पात्यांच्या पन्हळीत अशी अक्षरं ठोकलेली असतात. पुढचं वाचता येत नाही आणि मी अंदाजाने भरणार नाही. पन्हळींच्या आतले ओरखडे लांबीच्या दिशेने, बारीक आणि एकसारखे: मोठ्या सहाणेचं काम. टोकाच्या उतारावरचे ओरखडे तिरके, जास्त खोल: दुसऱ्या कुणीतरी नवीन टोक काढलं ते. आणि धारेवर, सगळ्यांच्या वर, निसण्याच्या अगदी बारीक रेघा, टोकाकडे कमी, बुडाकडे जास्त: पिढ्यानुपिढ्या पाजवणारे हात.

पातं मुठीच्या दोन जिभांमध्ये तीन रिव्हेटांनी धरलं आहे. जिभांमधली फट पात्यापेक्षा रुंद, कारण ही मूठ जाड पात्याच्या हिशेबाने घडवलेली असावी. फट भरायला तांब्याची पातळ पट्टी दुमडून आत सारलेली आहे. पट्टीची बाहेर आलेली कड हातोडीने इतकी नीट दाबली आहे की बोटाला कळत नाही, फक्त रंगाने कळते. तीनपैकी दोन रिव्हेट लोखंडी. तिसरी पितळी, नंतरची, डोकं जरा ओबडधोबड.

ही रीत दख्खनेत आणि दक्षिणेत सर्वत्र होती. तंजावरच्या शस्त्रागारातल्या कट्यारींमध्ये युरोपीय तलवारींची कापलेली पाती पुष्कळ दिसतात. नायकांकडून ते शस्त्रागार भोसल्यांकडे आलं आणि १८५५ मध्ये तिथलं मराठी राज्य खालसा झाल्यावर विखुरलं. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात त्यातला मोठा संग्रह आहे. वाड्यातली कट्यार तंजावरची आहे असं मी म्हणत नाही, तिची मूठ त्या धाटणीची नाही. पण विचार तोच: चांगलं पोलाद मोडलं म्हणून टाकायचं नसतं.

पहिली कट्यार बाजारात जास्त किंमत आणेल, दुसरीला "जोडकाम केलेली" म्हणून खाली ठेवतील. माझ्या लेखी या खोलीतली सर्वांत मोलाची वस्तू दुसरी आहे. समुद्रापलीकडच्या सहाणवाल्याचं, इथल्या कट्यारकाराचं, शिकलगाराचं आणि पितळी रिव्हेट मारणाऱ्या एखाद्या गावच्या लोहाराचं काम एका वीतभर पात्यावर वेगवेगळं वाचता येतं, असं भाग्य क्वचित मिळतं.

१४ सप्टेंबर

बाकदार तलवारीच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी, एक तृतीयांश उरलेली. जिथे सोनं गेलं आहे तिथे कारागिराची पूर्वतयारी उघडी पडली आहे: पोलादावर तीन दिशांनी ओढलेल्या अतिबारीक रेघांची जाळी. या खरबरीत जाळीवर सोन्याची तार वेलबुट्टीच्या वळणाने मांडत, हातोडीने दाबत आणि अकीकाने घोटत. सोनं नुसतं त्या दातांत अडकून बसतं. म्हणूनच बफिंगचं चाक फिरलं की ते क्षणात जातं आणि जाळीही जाते. बाजारातल्या चकाकत्या जुन्या तलवारींच्या मुठी अशाच गुळगुळीत झालेल्या असतात, वर नवा मुलामा चढवलेला. पुतण्यांना शहरातून बफिंग करून आणायचं होतं. त्यांना भिंग दिलं, जाळी दाखवली. विषय संपला.

मूठ थोडी हलते. पातं आत लाखेच्या मिश्रणात बसवलेलं आहे, रिव्हेट नाही. जुनी पद्धत म्हणजे तापवून लाख पुन्हा बसवणं. मी तापवणार नाही. उष्णतेने कोफ्तगिरी आणि जुनी लाख दोन्ही धोक्यात येतील. ॲसिटोनमध्ये विरघळवलेली पॅरालॉइड बी-७२ राळ फटीत सोडली. उद्या कुणाला काढावीशी वाटली तर ॲसिटोननेच निघेल.

२० सप्टेंबर

दांडपट्टा. २०२४ मध्ये राज्यशस्त्र जाहीर झाल्यापासून सगळ्यांना हाच आधी पाहायचा असतो. पातं लवचीक, दुधारी. हातावर कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा, आत आडवी पकड. खोबळ्यात शिवलेल्या गादीचे तुकडे अजून आहेत, आतल्या बाजूला घामाने काळे पडलेले. हात लावला नाही.

बिचवा लहान, दुहेरी बाकाचा, मूठ आणि पातं एकाच लोखंडाचं. गंज शांत. तेल, बस.

अडकित्ता पितळेचा, वरच्या दांडीवर मोर. कापणारं पातं मात्र पोलादी, खाचेत बसवून रिव्हेटने धरलेलं. पाजवून पाजवून निम्मं झिजलं आहे. काकू तो रोज वापरतात. नोंद करून परत दिला. वापरातच राहावा.

२७ सप्टेंबर

सर्व पात्यांवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात. तेल धूळ धरतं आणि खोबरेल तर कालांतराने खवट, आम्लधर्मी होतं; मेण कोरडं राहतं. प्रत्येक पात्याला स्वतंत्र डबा, आत ओल दाखवणारं कार्ड, उघड्या हाताने पात्याला स्पर्श नाही. बोटाच्या घामातलं मीठ पुरतं, पुढच्या पावसाळ्यात ठसा गंजाने उमटतो. म्यानं वेगळ्या कपाटात, फार कोरडी न ठेवता, नाहीतर लाकूड तडकेल.

३ ऑक्टोबर

खंडेनवमी झाली. गंध पाटाला आणि म्यानांना. दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वतः हातमोजे घालून सगळं पुसून डब्यांत ठेवलं. कोहळा विळीवर कापला.

नोंदवहीची शाई आज पक्की केली. कट्यार क्रमांक २ चा मजकूर: "पातं युरोपीय तलवारीचं, कापून वापरलेलं, टोक नव्याने काढलेलं, मूठ दख्खनी, मूळ दुसऱ्या पात्यासाठी, तांब्याची पाचर, एक रिव्हेट नंतरची, पितळी. कशातही बदल करू नये."

बाकी: पट्ट्याच्या खोबळ्यातली गादी. ते कापडाचं काम आहे, वस्त्रजतन जाणणारी व्यक्ती जानेवारीत कोरड्या हवेत येऊन पाहील. तोवर खोबळा कोरा सुती कपडा गुंडाळून आडवा ठेवला आहे. ओल दाखवणारी कार्डं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काकांनी पाहायची आणि रंग बदलला तर पुड्या बदलायच्या.